जुने सुपरहिरो पिक्चर परत कसे बघायचे आणि सिक्वेलची आशा नक्की कशावर ठेवायची

स्पायडर-मॅनचे तीन पिक्चर करणारा डायरेक्टर सॅम रेमी, त्याचा स्पायडर-मॅन ४ यावा असं ज्यांना ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि ज्यांचा हेलबॉय दोन भागांनंतर अर्धवट राहिला, ज्यांना कार्ल अर्बनचा ड्रेड अजून एकदा बघायचाय, त्यांच्यासाठी पण. वाट बघण्यात काहीच गैर नाही, मी २००७ ला तिसरा स्पायडर-मॅन आल्यापासून बघतोय. पण नुसतं परत आणा परत आणा म्हणून भागत नाही, कारण परत आणतात तेव्हा बऱ्याचदा सूट तोच असतो, म्युझिक तेच असतं, हिरो पण तोच असतो आणि तरी आपल्याला हवं होतं ते कुठेच नसतं. आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी आपल्यालाच माहीत पाहिजे ना, आणि ते कळायला जुना पिक्चर नीट परत बघण्याशिवाय दुसरा रस्ता नाही.

तर पहिल्यांदा टीव्ही. सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय पण असतं सगळीकडे. ते चालू असलं की सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर डेली सोपसारखा गुळगुळीत दिसायला लागतो आणि मग आपणच म्हणतो की जुने इफेक्ट्स किती नकली होते. आणि पडदा भरावा म्हणून चित्र झूम किंवा स्ट्रेच करू नका. रेमीचा २००२ चा स्पायडर-मॅन जास्त उंच फ्रेममध्ये शूट झालाय आणि २००४ चा दुसरा भाग एकदम रुंद फ्रेममध्ये, म्हणजे दुसऱ्याला वर खाली काळ्या पट्ट्या येणारच, येऊ द्या, डॉक ऑक या व्हिलनचे ते चार लोखंडी हात आडवे पसरायला ती रुंदी लागते.

मग कुठली आवृत्ती बघायची हा प्रश्न. माझं म्हणणं आहे की आधी थिएटरमध्ये आलेली बघा, कारण आपली आठवण तिचीच आहे, आणि नंतर दुसरी. सुपरमॅन २ मात्र दोन्ही बघाच बघा. डायरेक्टर रिचर्ड डॉनर पहिला आणि दुसरा भाग एकत्रच शूट करत होता, दुसऱ्याचं बरंच काम झालं होतं आणि निर्मात्यांशी बिनसल्यामुळे त्याच्या जागी रिचर्ड लेस्टरला आणलं. १९८० मध्ये आला तो लेस्टरचा, आणि डॉनरने शूट केलेलं जमवून त्याची आवृत्ती निघाली थेट २००६ मध्ये. दोन्ही लागोपाठ बघितल्या की तोच हिरो, तेच नट, गोष्ट जवळजवळ तीच, आणि तरी पिक्चर वेगळा होतो हे डोळ्यांनी दिसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, सिक्वेलच्या बातम्या वाचताना फार कामाला येते.

आता मुख्य काम, बघताना काय बघायचं. ॲक्शन आपल्याला पाठ असते, त्यामुळे ती सोडून बाकीच्यावर लक्ष द्या. १९७८ च्या सुपरमॅनमध्ये लोइसच्या घरातला एक सीन आहे, ती आत तयार होतेय आणि बाहेर क्लार्क, म्हणजे चष्मा लावून साधा माणूस बनलेला सुपरमॅन, एकटा उभा आहे. तिला खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं, तो चष्मा काढतो, वाकलेली पाठ सरळ होते, खांदे मागे जातात, अचानक तो उंच दिसायला लागतो, आवाज सुद्धा खाली उतरतो, आणि मग ती काहीतरी बोलते आणि धीर सुटून तो परत आक्रसून क्लार्क होतो. कट नाही इफेक्ट नाही, क्रिस्टोफर रीव्हने फक्त अंगाने केलंय ते सगळं. चष्मा लावला की कोणी ओळखत कसं नाही असं जे लोक विचारतात त्यांना हा एक सीन दाखवा. बघताना हेच शोधायचं असतं, की आपल्याला जे आठवतं ते कशाने घडलं होतं, नटाने, डायरेक्टरने, लिखाणाने की संगीताने.

स्पायडर-मॅन २ मधला हॉस्पिटलचा सीन पण असाच बघा. डॉक ऑकचे हात कापायला डॉक्टर करवत घेतात आणि ते हात जागे होतात, आणि पुढचं सगळं पाठीमागे गाण्यासारखं काही न वाजता होतं, किंकाळ्या, सावल्या, फरशीवर ओरखडत जाणारी नखं. रेमी हॉरर पिक्चर करून आलाय हे त्या दोन मिनिटांत कळतं. ते हात बऱ्याच शॉट्समध्ये खरोखर बनवलेले होते, माणसं ते हाताने चालवायची, म्हणून डॉक ऑक झालेला आल्फ्रेड मोलिना त्यांच्याशी बोलतो तेव्हा ते खरंच ऐकतायत असं वाटतं. आणि ट्रेनचा सीन तर आहेच, ट्रेन थांबवून पीटर, म्हणजे स्पायडर-मॅनच, बेशुद्ध पडतो, लोक त्याला हातांवर झेलून आत घेतात, मास्क नाहीये, आणि एक प्रवासी म्हणतो की हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाएवढा. मग दोन लहान मुलं त्याचा मास्क परत आणून देतात. पूर्ण डबा त्याचा चेहरा बघतो आणि पूर्ण डबा गप्प राहायचं ठरवतो. मला जर कोणी विचारलं की चौथ्या भागात काय पाहिजे तर मी व्हिलनचं नाव सांगणार नाही, मी सांगेन की शहरातली साधी माणसं आणि स्पायडर-मॅन यांच्यातलं हे नातं पाहिजे. तुमचं उत्तर वेगळं असेल, असायलाच हवं, फक्त ते एवढं स्पष्ट असू द्या.

बघून झालं की एक प्रश्न कागदावर लिहा, गोष्ट कुठे उघडी राहिली. हे इतकं सोपं काम आहे पण कोणी करत नाही. हेलबॉय २ घ्या, २००८ चा. शेवटी हेलबॉयची प्रेयसी लिझ सांगते की जुळी होणार आहेत, आणि त्याच पिक्चरमध्ये आधी आपल्याला कळलेलं असतं की हेलबॉय जगाचा नाश करणार हे त्याच्या नशिबात लिहिलंय आणि तरी लिझने त्याचा जीव वाचवायला हो म्हटलंय. म्हणजे बाप होणार की जग संपवणार, आणि किंमत कोण मोजणार, हा प्रश्न तसाच लटकत राहिलाय आणि म्हणून तो तिसरा भाग नसणं इतकी वर्षं झाली तरी टोचतं. आता स्पायडर-मॅन ३ चा शेवट बघा, जॅझ क्लबमध्ये पीटरची प्रेयसी मेरी जेन गातेय, पीटर येतो, दोघं काही न बोलता हळूच नाचायला लागतात आणि संपलं. माफी झाली की नाही ते कळत नाही. २०२१ मध्ये स्पायडर-मॅनच्याच नो वे होममध्ये रेमीचा पीटर झालेला टोबी मग्वायर आला तेव्हा त्याच्या तोंडी एक छोटं उत्तर दिलंय, की वेळ लागला पण आम्ही जमवलं. एका ओळीत उरकलं असं काहींना वाटलं, मला तर त्या ओळीने बरं वाटलं, आणि उलट हेच बघायचंय असं वाटलं, तो वेळ कसा गेला ते.

उघडा प्रश्न नसेल तर सिक्वेल मागू नका, हे माझं स्पष्ट मत. वॉल्व्हरीनचा लोगन २०१७ मध्ये इतका पूर्ण संपला होता की त्याला पुढचा भाग लागत नव्हता, आणि २०२४ मध्ये ह्यू जॅकमन परत आला तो सुद्धा दुसऱ्या विश्वातला वॉल्व्हरीन म्हणूनच आला.

पुढचं, हक्क कोणाकडे आहेत ते बघा. हे रटाळ वाटतं पण अर्ध्या आशा इथेच ठरतात. कॉमिकची कंपनी एक, पिक्चरचे हक्क दुसऱ्या स्टुडिओकडे, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. मार्व्हल कॉमिक्सचा स्पायडर-मॅन सोनीकडे, एक्स-मेन फॉक्सकडे, आणि मार्व्हलचा स्वतःचा स्टुडिओ तिसरीकडे. २०१९ मध्ये डिस्नीने फॉक्स घेतलं, त्यानंतरच फॉक्सकडचे डेडपूल आणि वॉल्व्हरीन मार्व्हलच्या घरच्या पिक्चरमध्ये येऊ शकले, आणि त्याच २०२४ च्या पिक्चरमध्ये वेस्ली स्नाइप्स ब्लेड म्हणून आला, क्रिस इव्हान्स फँटास्टिक फोरमधला जुना जॉनी स्टॉर्म म्हणून आला. हे लोक वीस वर्षं तयारच नव्हते असं थोडीच आहे, दार बंद होतं. म्हणून तुमच्या हिरोचे हक्क मधल्या काळात कुठे फिरले तेवढं शोधून ठेवा, तिथे हालचाल झाली की आशा वाढवायला हरकत नाही.

आता बातम्या. यातच सगळ्यात जास्त मन मोडतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एखादा नट मुलाखतीत म्हणाला की मला परत करायला आवडेल, तर ती बातमी नाही, त्याला प्रश्न विचारला म्हणून त्याने चांगुलपणाने उत्तर दिलं. डेव्हलपमेंटमध्ये आहे म्हणजे कोणीतरी लिहितंय किंवा लिहिणार आहे. कॉन्स्टंटाइन २००५ चा, त्याच्या दुसऱ्या भागाची बातमी २०२२ मध्ये आली तेव्हा लोक लगेच रिलीजची वाट बघायला लागले, पण बातमी फक्त तेवढ्या पायरीची होती. तारीख जाहीर झाली तरी सुटकेचा श्वास सोडू नका, रेमीच्या स्पायडर-मॅन ४ ला २०११ च्या मे महिन्याची तारीख दिलेली होती आणि जानेवारी २०१० मध्ये तो बंद झाला, कारण तारखेपर्यंत मनासारखी गोष्ट उभी राहत नव्हती आणि रेमीला अर्धवट काही करायचं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि आदर पण वाटला. आणि शूटिंग झालं तरी खात्री नाही, जुन्या बॅटमॅनला, मायकल कीटनला, परत बॅटमॅन म्हणून घेऊन बॅटगर्लचं शूटिंग झालं होतं आणि २०२२ मध्ये स्टुडिओने तो पिक्चर दाखवायचाच नाही असं ठरवलं. यूट्यूबवरचे ट्रेलर तर सोडाच, स्टुडिओच्या स्वतःच्या चॅनेलवर नसेल तर तो खरा नाही, हल्ली चेहरे आणि आवाज इतके हुबेहूब बनवतात की थंबनेलवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी तरी डायरेक्टर आणि लेखकाच्या नावावर ठेवतो. नट परत येणं हे सगळ्यात सोपं असतं, एका दिवसाच्या शूटिंगमध्ये पण होतं. कीटन २०२३ मध्ये द फ्लॅशमध्ये बॅटमॅन म्हणून आला, १९९२ नंतर ३१ वर्षांनी, आणि तो छानच होता, केप घालून उभा राहिला की अंगावर काटा येतो, पण कीटनचे जुने बॅटमॅन करणाऱ्या टिम बर्टनची ती ओली काळी वाकडीतिकडी गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, तिथे नव्हती. १९८९ च्या बॅटमॅनला कला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं होतं ते त्या शहरासाठी. उलट इन्क्रेडिबल्स बघा, २००४ नंतर थेट २०१८, मध्ये १४ वर्षं, पण ब्रॅड बर्डनेच लिहिला, त्यानेच डायरेक्ट केला, संगीत पण मायकल जियाकिनोचंच, आणि पहिला भाग जमिनीतून अंडरमायनर हा व्हिलन बाहेर येतो तिथे संपला होता तर दुसरा बरोबर तिथूनच सुरू झाला. ॲनिमेशनमध्ये वय वाढत नाही हा फायदा आहेच. खऱ्या नटांच्या पिक्चरमध्ये मधली वर्षं गोष्टीत आली पाहिजेत, चेहऱ्यावरून पुसून टाकून चालत नाही. डायरेक्टर श्यामलनने २००० च्या अनब्रेकेबलची गोष्ट पुढे नेणाऱ्या २०१९ च्या ग्लासमध्ये ब्रूस विलिसला म्हाताराच दाखवला, मुलगा मोठा झालेला, आणि तो मुलगा पण तोच नट. पिक्चरबद्दल मतं वेगळी असतील पण हे मला फार आवडलं.

चाहता म्हणून आपण काय करू शकतो याचं पण सरळ सांगतो. पिटिशन सही करा, जरूर करा, पण त्याचा जोर किती ते ओळखून. हेलबॉयचे दोन्ही भाग करणाऱ्या देल तोरोने २०१७ च्या सुरुवातीला ट्विटरवर हेलबॉय ३ साठी लोकांची मतं मागवली, लाखाच्या वर मतं पडली, आणि पुढच्याच महिन्यात त्याला सांगावं लागलं की तिसरा भाग होणार नाही. स्नायडर कटची, म्हणजे डायरेक्टर झॅक स्नायडरच्या मनातल्या जस्टिस लीगची, मागणी मात्र पूर्ण झाली, २०२१ मध्ये आला, कारण तिथे बरंचसं शूटिंग आधीच झालेलं होतं आणि मागणी होती ती फक्त पूर्ण करून दाखवण्याची. शून्यातून पिक्चर उभा करायला लावणं हे वेगळं प्रकरण आहे. त्यापेक्षा पैसे देऊन बघा, डिस्क घ्या, थिएटरमध्ये जुना पिक्चर परत लागला तर जा. स्टुडिओला तेवढेच आकडे दिसतात. आणि नवीन नटाला शिव्या घालून जुन्याचं प्रेम दाखवू नका, नवा स्पायडर-मॅन टॉम हॉलंड आवडत नाही म्हणून टोबी परत येत नसतो, उलट हॉलंडच्याच नो वे होममध्ये टोबी आणि मधला स्पायडर-मॅन अँड्र्यू गारफिल्ड दोघं आले ना.

आणि सिक्वेल म्हणजे पिक्चरच हवा हा हट्ट सोडला तर काही गोष्टी ऑलरेडी आलेल्या आहेत. नव्वदच्या दशकातलं एक्स-मेनचं कार्टून २०२४ मध्ये एक्स-मेन ९७ म्हणून जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. रीव्हच्या सुपरमॅनच्या जगातली सुपरमॅन ७८ नावाची कॉमिक आहे, २०२१ ची. आणि त्याच वर्षी बॅटमॅन ८९ हे कॉमिक आलं, ते तर १९८९ चा पिक्चर लिहिणाऱ्या सॅम हॅमनेच लिहिलंय. ते वाचायच्या आधी १९८९ आणि १९९२ चे दोन्ही पिक्चर बघून घ्या, १९९५ चा बॅटमॅन फॉरएव्हर मध्ये घालू नका, कारण कॉमिक तिथून वेगळ्या रस्त्याने जातं. पहिल्या पिक्चरमध्ये हार्वी डेंट, जो पुढे टू-फेस नावाचा व्हिलन होतो, बिली डी विल्यम्सने केला होता आणि टू-फेस व्हायची वेळ आली तेव्हा रोल दुसऱ्याला गेला. या कॉमिकमध्ये टू-फेस होतो तो त्याच्याच चेहऱ्याचा डेंट.