काळ्या मातीत बागेतल्या लाकडी खोलीचं दार अडकतं? माझा अनुभव

परभणीजवळच्या आमच्या घरामागे १० बाय ८ फुटांची लाकडी खोली आहे. श्रावणात दार चौकटीत गच्च बसायचं, एप्रिलमध्ये त्याच दाराच्या फटीतून पाल आत यायची. कोब्याला कोपऱ्यापासून तिरपी भेग.

आधी दार रंधून घेतलं, मग भेगेत सिमेंट भरलं, शेवटी कोब्यावर आणखी ४ इंच काँक्रीट ओतलं. तीन पावसाळे आणि बरेच पैसे त्यात गेले. दोष दारात नव्हताच. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि वर जे असेल ते हलवते.

मे महिन्यात केलं ते असं. खोली जॅकने उचलून ठोकळ्यांवर ठेवली, कोबा फोडला. सहा खड्डे पक्का मुरूम लागेपर्यंत खणले. आमच्याकडे तो ५ फुटांवर लागला. तळाला ४ इंच पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट), त्यावर चार सळ्यांचे ९ इंची चौकोनी खांब, जमिनीच्या ९ इंच वर आणले. मातीने खांब धरून उचलू नये म्हणून बाजूंना दुहेरी प्लास्टिक गुंडाळलं, मग मुरूम ठोकून भरला. दहा दिवस पाणी मारलं. खांबांवर लोखंडी चॅनेलची चौकट, तिच्यावर खोली. चॅनेलखालची पोकळी मोकळीच ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी चौकटीला उचलत नाही. गवंडी ती विटांनी बुजवायला निघाला होता! पन्हाळीचं पाणी पाइपाने ८ फूट लांब सोडलं.

दोन पावसाळे झाले, दार एका बोटाने लागतं.