सिनेगॉगच्या कॉयरमध्ये गायला जाताना

लंडनमध्ये गाणं शिकत असताना मला एका रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या) कॉयरमध्ये अल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची, जागा मिळाली. मी ज्यू नाही, पण काही रिफॉर्म सिनेगॉगमध्ये बाहेरचे गायक घेतात. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरावादी, सिनेगॉगमध्ये मात्र कॉयर पुरुषांचा आणि मुलग्यांचा असतो, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, वाद्य वाजत नाही. वसई-गोव्याकडच्या चर्चमध्ये चार आवाजांत गायलेल्या कुणाला अशी संधी आली, तर हे उपयोगी पडावं.

नोटेशन हातात आलं की आपण लगेच आपली ओळ पाठ करायला बसतो. त्याआधी प्रार्थनेचं पुस्तक, म्हणजे सिद्दूर, मागून घ्या आणि उपासनेचा क्रम समजून घ्या. इथे कॉयर बहुतेक वेळा उत्तर देत असतो. हझान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारा मुख्य गायक, एकटा आळवतो, शेवटच्या स्वरावर थांबतो, आणि त्याच स्वरावरून आपल्याला 'आमेन' उचलायचं असतं. हझान त्या दिवशी खालच्या पट्टीत गेला, तर आपणही खाली. 'केदुशा' ही देवाच्या पावित्र्याची प्रार्थना याचं सर्वांत सुंदर उदाहरण. 'कादोश, कादोश, कादोश' (पवित्र, पवित्र, पवित्र) म्हणताना लोक दर शब्दाला टाचा उचलतात. तिथे तुमची लय त्यांच्या अंगातल्या लयीशी जुळलीच पाहिजे.

गायच्या रचनांमध्ये दोन नावं सारखी भेटतील. व्हिएन्नाच्या श्टाटटेम्पल या सिनेगॉगमध्ये 1826 पासून हझान असलेला सालोमोन सुल्झर, आणि बर्लिनचा लुई लेवांडोव्स्की. सुल्झरसाठी संगीतकार शूबर्टने 1828 मध्ये बायबलमधलं 92 वं स्तोत्र थेट हिब्रूत बांधलं होतं. लेवांडोव्स्की बर्लिनच्या ओरानियनबुर्गर श्ट्रासेवरच्या नव्या सिनेगॉगमध्ये, 1866 पासून, कॉयर सांभाळायचा. तिथे ऑर्गन होता, म्हणून त्याच्या रचना भरदार. त्याही आधी, 1622-23 मध्ये, इटलीतल्या मांतुआच्या सालोमोने रोस्सी या संगीतकाराने हिब्रू प्रार्थनांच्या बहुस्वरी रचना व्हेनिसमध्ये छापल्या. त्या छपाईत स्वर डावीकडून उजवीकडे आणि हिब्रू शब्द उजवीकडून डावीकडे जातात! आजच्या प्रतींत रोमन लिपी असते, त्यामुळे तो त्रास नाही.

त्रास आहे तो उच्चारांचा. सुल्झर-लेवांडोव्स्कीच्या एकोणिसाव्या शतकातल्या रचना अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचे, उच्चार धरून बांधलेल्या. त्यात शब्बाथला 'शाब्बोस' म्हणतात आणि जोर पहिल्या अक्षरावर. आज बऱ्याच ठिकाणी 'शब्बात' म्हणतात आणि जोर शेवटी. जुन्या चालीत नवा उच्चार बसवला की जोराची मात्रा भलत्याच अक्षरावर पडते. तुमच्या सिनेगॉगमध्ये कुठला उच्चार चालतो ते पहिल्याच तालमीला विचारा. मी शब्द देवनागरीत लिहून घेते. घशातल्या 'ख़'ला नुक्ता देते, कारण आपला 'ख' तिथे चालत नाही.

सुरांच्या बाबतीत आपल्याला एक फायदा आहे. 'अहवा रब्बा' नावाच्या स्वरसप्तकात कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध आणि कोमल नी लागतात, म्हणजे आपल्या बसंत मुखारीचेच स्वर. तो रे-गमधला टप्पा पाश्चात्त्य गायकांना अवघड जातो, आपल्याला नाही. पण मींड, मुरकी घेऊ नका. नक्षीकाम हझानचं, कॉयरमध्ये स्वर सरळ उभा ठेवायचा, नाहीतर चौघांचे सूर एकमेकांत गढूळ होतात.

काही रीतीही पाळायच्या. धार्मिक मंडळी तालमीत देवाचं नाव उच्चारत नाहीत, 'अदोनाय'ऐवजी 'अदोशेम' गातात. तुम्हीही तसंच गा. हिब्रूत ते नाव छापलेले कागद कचऱ्यात टाकत नाहीत, वेगळे जमा करतात.

सर्वांत जास्त काम रोश हशाना (ज्यूंचं नववर्ष) आणि योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) या शरद ऋतूतल्या सणांना असतं, म्हणून नवी माणसं त्याआधीच्या उन्हाळ्यातच घेतात. सुरुवात लेवांडोव्स्कीच्या 'हल्लेलूया'पासून करू नका. ते 150 वं स्तोत्र गाजलेलं आहे, पण नवख्याला आवाज फेकायची सवय लावतं. त्याचंच 'एनोश' घ्या. मृतांच्या स्मरणाच्या वेळी गातात ते. माणसाचे दिवस गवतासारखे आहेत, असे 103 व्या स्तोत्रातले शब्द. ते हळू, एका श्वासात एक ओळ, शब्दांचा अर्थ माहीत करून घेऊन गा.