खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगमध्ये रिसायकल्ड प्लॅस्टिक वापरताना या चुका टाळा

रिसायकल्ड प्लॅस्टिकपासून खाण्यापिण्याच्या वस्तूंचे सुरक्षित पॅकेजिंग बनवता येते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र या कामात नव्याने उतरलेल्यांकडून त्याच त्या चुका होताना दिसतात आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ घाईत असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे धुतलेले फ्लेक्स, म्हणजे वापरलेल्या बाटल्या कापून केलेले तुकडे, ‘फूड ग्रेड’ समजणे. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा यांनी लेबल, गोंद, माती आणि तेलकटपणा निघतो. पण रिकाम्या बाटलीत कोणी थिनर किंवा कीटकनाशक भरून ठेवले असेल, तर त्याचा अंश प्लॅस्टिकमध्ये मुरलेला असतो आणि धुण्याने तो पुरता निघत नाही. त्यासाठी माल उच्च तापमानाला, निर्वात स्थितीत किंवा नायट्रोजनसारख्या वायूच्या प्रवाहात ठरलेला वेळ ठेवावा लागतो. ही प्रक्रिया पुरेशी आहे का, हे तपासताना टोल्युइन, क्लोरोबेंझीन, बेंझोफिनोन अशी रसायने मुद्दाम प्लॅस्टिकमध्ये मुरवतात आणि प्रक्रियेनंतर ती किती उरली हे मोजतात. या चाचणीचा अहवाल जो पुरवठादार दाखवू शकत नाही, त्याचा माल खाद्यपदार्थांसाठी घेऊ नये, मग तो कितीही पांढराशुभ्र दिसो.

एका कारखान्यात अशा स्वच्छ दिसणाऱ्या फ्लेक्सपासून ट्रेसाठी शीट काढली जात होती. एकूण मायग्रेशनचा, म्हणजे प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांचा, अहवाल उत्तम होता, तरीही ट्रेची थप्पी उघडली की मंद सुवास येई आणि तो कुठून येतो हे कोणाला सांगता येत नव्हते. मी फ्लेक्स काचेच्या बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ६० अंश सेल्सिअसला ठेवायला सांगितले. सकाळी झाकण उघडताच फरशी पुसण्याच्या द्रवाचा वास स्पष्ट आला. चौकशीअंती कळले की माल कमी पडल्यामुळे पुरवठादाराने घरगुती क्लीनरच्या बाटल्या मिसळल्या होत्या. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण पेट, म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक, रिसायकल करण्याच्या प्रक्रियांचे मूल्यमापन करताना अखाद्य वापरातल्या मालाचा वाटा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असे धरते; इथे तो किती होता हे सांगण्याजोगी नोंदच नव्हती. अहवाल निर्दोष का आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. एकूण मायग्रेशनच्या चाचणीत प्लॅस्टिक अन्नासारख्या द्रवात ठेवतात, मग द्रव उडवून मागे उरलेला अवशेष तोलतात. बाष्पनशील पदार्थ त्या द्रवाबरोबरच उडून जातात आणि मोजणीत येत नाहीत. ती सगळी शीट शेवटी अखाद्य वापराकडे वळवावी लागली. तेव्हापासून मी बरणीची परीक्षा प्रत्येक लॉटला घेतो. ती प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण वाईट माल दारातच अडवते.

दुसरी चूक वाळवण्यातली आहे आणि ती मला सर्वाधिक खटकते, कारण ती केवळ अधीरतेतून होते. पेट हवेतला ओलावा शोषते आणि २८० अंशांच्या आसपास वितळताना त्याच पाण्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. म्हणून ओलावा दहा लाख भागांत ५० पेक्षा खाली आणावा लागतो. त्यासाठी साधारण १६० ते १७० अंशांची कोरडी हवा चार ते सहा तास लागते. वेळ वाचवण्यासाठी तापमान वाढवले की फ्लेक्स पिवळे पडतात, आणि वेळ कापला की बाटलीच्या मानेचे व तळाचे जाड तुकडे आतून ओलेच राहतात. अशा मालाची आयव्ही, म्हणजे साखळ्यांची लांबी दाखवणारी अंतर्गत श्यानता, घसरते आणि बाटल्यांचे तळ तडकतात. मग लोक ड्रायर सोडून ब्लो मोल्डिंग, म्हणजे बाटली फुगवणाऱ्या, यंत्राच्या सेटिंगशी झगडत बसतात. बाटलीचा तळ तडकला की आधी ड्रायरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे तिच्या कोरडेपणाचे माप, पाहावा, तो उणे ४० अंशांच्या आसपास असायला हवा, आणि मगच यंत्राला हात लावावा. बाटलीतल्या पाण्याला गोडसर, फळासारखी चव आली, तर मात्र वितळण्याचे तापमान आणि प्लॅस्टिक वितळवणाऱ्या बॅरलमध्ये माल थांबण्याचा वेळ तपासावा, कारण ती चव देणारे ॲसिटाल्डिहाइड उष्णतेने वाढते.

पेटमध्ये मिसळलेले पीव्हीसी पाण्याच्या टाकीत वेगळे होईल असे समजू नये; दोघांची घनता जवळपास सारखी असल्यामुळे तिथे दोन्ही बुडतात. तरंगून वेगळे होतात ते पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीनचे तुकडे. पेटच्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडते आणि प्रीफॉर्मवर, म्हणजे फुगवून बाटली करायच्या नळीवर, काळे ठिपके येतात. नमुन्याचे फ्लेक्स पसरून तासभर २२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले, तर पेट पांढरे पडते आणि पीव्हीसी तपकिरी-काळे होऊन डोळ्यांनी वेचता येते.

पेटसाठी मंजूर झालेली प्रक्रिया पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनला तशीच लावू नये. त्यांच्यात रसायने अधिक सहज मुरतात आणि अधिक सहज बाहेर येतात.

उगम माहीत नसलेले काळे रिसायकल्ड प्लॅस्टिक अन्नाजवळ आणूच नये, कारण इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातली ब्रोमीनयुक्त अग्निरोधके त्यातून येऊ शकतात.

रिसायकल्ड थर बाहेर आणि नवा थर आत ठेवला म्हणजे काम झाले, असेही मानू नये. शीट गुंडाळली की बाहेरचा थर आतल्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि दूषित द्रव्य तिथेही पोहोचते.

पहिल्याच दिवशी शंभर टक्के रिसायकल्ड मालावर उडी मारणाऱ्यांना माझा विरोध आहे. मी दहा टक्क्यांपासून सुरुवात करतो, आयव्ही आणि रंग लागोपाठच्या लॉटमध्ये स्थिर राहिले तरच प्रमाण वाढवतो, आणि प्रत्येक लॉटचे फ्लेक्स, पुरवठादाराचे कागद व तयार प्रीफॉर्म एकाच क्रमांकाखाली जपून ठेवतो.