पावसाळ्याचा हिशेब धरून उभारायची छोटी सौर यंत्रणा : कोकणातल्या घरासाठी

घरावर सौर पॅनेल बसवण्यामागे दोन वेगळे हेतू असू शकतात आणि आपला हेतू कोणता, हे खरेदीपूर्वीच ठरवावे लागते. विजेचे बिल कमी करायचे असेल तर बॅटरीची गरज नाही. महावितरणच्या जाळ्याला जोडलेली, नेट मीटर (बाहेरून घेतलेल्या विजेतून आपण जाळ्याला दिलेली वीज वजा करणारा मीटर) असलेली यंत्रणा घ्यावी; तिच्यासाठी २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र बाहेरची वीज गेली की अशी यंत्रणा भर उन्हातही स्वतःहून बंद पडते, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला घरातून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तिची रचनाच तशी केलेली असते. वीज गेल्यावरही घरात दिवा आणि पंखा चालावा अशी ज्यांची गरज आहे, त्यांना बॅटरीची यंत्रणा लागते आणि पुढील माहिती तिच्याविषयी आहे.

कोकणात ही गरज किती खरी आहे, हे ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील गावांनी अनुभवले. खांब आडवे झाल्यामुळे कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. पेच असा की वीज सर्वाधिक जाते ती ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत, आणि ऊनही नेमके त्याच काळात कमी असते. विक्रेता हिशेब मांडतो तो बहुधा वैशाखातल्या उन्हावर. आपण तो आषाढावर मांडावा.

सुरुवात पॅनेलपासून न करता रात्रीच्या वापरापासून करावी. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास चालले तर १८० वॉट-तास, तीस वॉटचा एक बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आठ तास चालला तर २४०, इंटरनेटचा दहा वॉटचा राउटर बारा तास चालू राहिला तर १२० आणि दोन मोबाइलांसाठी सुमारे ३०, असे एकूण ५७० वॉट-तास होतात. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग धरून बॅटरीतून सुमारे ६७० वॉट-तास काढावे लागतील. जुना पंखा ७० ते ८० वॉट खातो, म्हणून बॅटरी मोठी घेण्याआधी पंखा बदलणे केव्हाही स्वस्त पडते. फ्रिज, मिक्सर, इस्त्री आणि पाण्याचा पंप या छोट्या यंत्रणेवर घेऊच नयेत.

बॅटरी निवडताना तिच्यावर लिहिलेली सगळी वीज आपली नसते, हे ध्यानात ठेवावे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर (शिसे-आम्लाचा एक प्रकार) बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तासांची असते, परंतु शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. वापरण्याजोगे ९०० वॉट-तास धरले तर वरील घराची एक रात्र भागून थोडी शिल्लक उरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते, तिला पाणी घालावे लागत नाही आणि ती हलकी असते. तिची किंमत मात्र जास्त असते. तालुक्याच्या गावी दुरुस्ती आणि बदल सहज होतो तो ट्यूब्युलरचा, त्यामुळे नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

आता पॅनेल. शिसे-आम्लाच्या बॅटरीत भरलेल्या विजेपैकी पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले, तर ६७० वॉट-तास परत मिळवण्यासाठी पॅनेलकडून रोज सुमारे ८४० यायला हवेत. उघड्या हवामानात दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन (दिवसभराचे कमी-जास्त ऊन एकत्र करून प्रखर उन्हाच्या तासांत मोजलेले) धरता येते, आणि धूळ, उष्णता व तारांतील घट वजा केली तरी १६५ वॉटची दोन पॅनेल १,३०० वॉट-तासांच्या आसपास देतात. पावसाळ्यात हेच ऊन अडीच तासांवर आले की दोन पॅनेलकडून ६६० वॉट-तासच मिळतात आणि बॅटरी दिवसेंदिवस उपाशी राहू लागते. तिसरे पॅनेल जोडल्यास आकडा ९९० वर जातो. उन्हाळ्यात ते अनावश्यक वाटेल. तरी पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते आणि उपाशी राहून खराब झालेली बॅटरी पुन्हा विकत घ्यावी लागते, हे लक्षात घेता तो खर्च योग्यच ठरतो. सलग चार-पाच दिवसांची झड लागली तर तीन पॅनेलही पुरणार नाहीत, म्हणून महावितरणच्या विजेवरून बॅटरी भरण्याची सोय राखून ठेवावी.

जागा निवडताना माडाची सावली सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत कुठे कुठे फिरते ते पाहावे, कारण एका झावळीची सावलीही पॅनेलची वीज बरीच खाली आणते. माडाखाली पॅनेल ठेवू नये, याला नारळ हे दुसरे कारण आहे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे. उतार जागेच्या अक्षांशाइतका, म्हणजे दापोलीच्या आसपास अठरा अंश ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु जूनमध्ये इथला सूर्य भर दुपारी माथ्याच्याही उत्तरेला असतो आणि ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आकाशातून येतो, त्यामुळे दहा ते बारा अंशांचा उतार पावसाळ्यासाठी अधिक चांगला. त्यावरून पावसाचे पाणी धूळ धुऊन नेते आणि वाराही पॅनेलखाली कमी शिरतो. कौलांवर पॅनेल टेकवू नये. सांगाडा थेट वाशांना किंवा अंगणात काँक्रीटमध्ये रोवलेल्या खांबांना घट्ट बांधावा. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, म्हणून सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत.

तिन्ही पॅनेल एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडावीत. मोकळ्या अवस्थेत, म्हणजे पुढे काही जोडलेले नसताना, प्रत्येकी सुमारे २२ प्रमाणे एकूण ६६ व्होल्ट होतात, आणि थंड सकाळी ते थोडे वाढतात, म्हणून किमान १०० व्होल्ट झेलणारा ४० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलचे जादा व्होल्टेज बॅटरीला मानवेल इतके उतरवून ती भरणारे उपकरण) घ्यावा; साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर इथे चालत नाही. सिरीजमध्ये प्रवाह नऊ अँपिअरच्या आसपास राहतो आणि छपरापासून पंधरा मीटरपर्यंत चार चौरस मिलिमीटरची सौर केबल पुरते. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये डीसीसाठी (पॅनेल-बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी) बनवलेला एमसीबी बसवावा. घरातला नेहमीचा एसी एमसीबी तिथे वापरू नये, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही आणि त्याच कारणाने पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर वीज वाहत असताना कधीही ओढून काढू नये.

बॅटरीच्या धन टोकाजवळ दोन फ्यूज हवेत : कंट्रोलरकडे जाणाऱ्या दहा चौरस मिलिमीटरच्या तारेवर ५० अँपिअरचा आणि इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या सोळा चौरस मिलिमीटरच्या आखूड तारेवर ६० अँपिअरचा. बॅटरी हवेशीर पडवीत, फळीवर ठेवावी. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून झोपण्याची खोली, चूल आणि देवघर या जागा वर्ज्य. पॅनेलच्या चौकटीला अर्थिंग द्यावे. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, त्यासाठी विहिरीजवळची किंवा केळीच्या आळ्यालगतची ओली माती शोधावी.

जोडणीचा क्रम चुकवू नये. हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे, पॅनेल जाड कापडाने झाकावीत, मल्टिमीटरने धन-ऋण तपासावे, मग कंट्रोलरला प्रथम बॅटरी जोडून तिचा प्रकार आणि बॅटरीच्या पत्रकातील कमाल चार्जिंग प्रवाह त्यात भरावा आणि त्यानंतरच पॅनेल जोडावे. काढताना क्रम उलटा. सुमारे ६०० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह (महावितरणच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर बॅटरीला सर्वांत शेवटी जोडावा. त्याची वीज घरात नेताना दिवे-पंख्याचे सर्किट, न्यूट्रलसह, वेगळे काढून घ्यावे लागते आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

बऱ्याच घरांत भारनियमनाच्या काळापासून इन्व्हर्टर आणि बॅटरी आहेच, तेव्हा फक्त पॅनेल आणि कंट्रोलर घेतले तरी भागते. तिथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : इन्व्हर्टर रात्रीच बाहेरच्या विजेवर बॅटरी भरून ठेवतो आणि सकाळी ऊन येते तेव्हा पॅनेलला भरायला काही उरत नाही. म्हणून ऑक्टोबर ते मे या काळात इन्व्हर्टरचे बाहेरच्या विजेवरील चार्जिंग बंद ठेवावे आणि ते पावसाळ्यातच सुरू करावे.

दर महिन्याला बॅटरीतील पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि पाऊस थांबल्यावर पॅनेलवरचे शेवाळ व पक्ष्यांची विष्ठा सकाळी गार असताना ओल्या फडक्याने पुसावी. पहाटे, भार बंद करून काही वेळाने, बॅटरीचे व्होल्टेज मोजण्याची सवय लावून घ्यावी, ते १२.२ च्या खाली जात असेल तर त्या रात्रीपासून पंखा बंद ठेवावा किंवा बाहेरच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.