तलावाची पार, नहराचा रस्ता: झाडीपट्टीत ग्रॅव्हल सायकलिंग कसं करायचं

ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी जाड टायरची सायकल, घेतली पण चालवायची कुठं, असं विचारणारे बहुतेक जण हायवेवर ट्रकच्या बाजूनं चालवून वैतागलेले असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात राहून हा प्रश्न पडावा म्हणजे कमालच आहे राव, कारण इथं दर दुसऱ्या गावाला तलाव आहे, तलावाला पार म्हणजे मातीचा बांध आहे, पारीखालून नहर म्हणजे कालवा निघते आणि नहरीच्या बाजूनं मुरमाचा रस्ता असतोच. त्या रस्त्यावर गाड्या नाहीत. म्हणजे अगदीच नाहीत असं नाही, एखादी बंडी (बैलगाडी), धानाच्या दिवसांत ट्रॅक्टर आणि म्हशी, बस एवढंच.

हे बरेचसे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (इथली जमीनदारी) तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले, 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव राहिले. त्यांच्यासोबत मोठे तलाव आणि धरणं आहेत: नवेगावबांध, इटियाडोह, घोडाझरी, आसोलामेंढा. रामटेकजवळचं खिंडसीपण सुंदर आहे, पण रविवारी नागपूरकरांची गर्दी असते, तिथं जायचं तर मधल्या वारी जा.

आता पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात कामाची. तलावाला पूर्ण चक्कर मारायचा हट्ट सोडून द्या. नकाशावर गोल दिसला की आपल्याला गोल फिरावंसं वाटतं, पण आपल्या तलावांना काठाकाठानं फिरणारा रस्ता नसतो, आणि त्याला कारण आहे. सॅटेलाईट व्ह्यू उघडा आणि तलावाचा काठ नीट बघा. एका बाजूला काठ सरळ रेषेत दिसतो, ती पार. तिच्यावरून आणि खालून चालता येतं, नहर तिथूनच निघते, गाव पण बहुतेक त्याच बाजूला असतं. दुसऱ्या बाजूला पाणी हाताच्या बोटांसारखं आत घुसलेलं दिसतं, ती वरची बाजू, पावसाचं पाणी तिथून येते. तिथं नाले, बांध्या (धानाची बांधबंदिस्त शेतं) आणि जंगल. ऑक्टोबरमध्ये जिथं पाणी असतं तिथंच एप्रिलमध्ये कोरडी भेगाळलेली जमीन असते, त्यामुळे ॲपमध्ये दिसणारी पायवाट तुम्ही जाल तेव्हा पाण्याखाली असू शकते. म्हणून रूट असा आखा: पारीवरून सुरुवात, मग नहराच्या रस्त्यानं खाली दहा-बारा किलोमीटर, तिथून एखाद्या गावातून पांदण धरून दुसऱ्या नहरीवर आणि परत पारीवर. पाणी दिसायचं तेवढं दिसतंच, सायकल खांद्यावर घेऊन नाले ओलांडायची वेळ येत नाही.

लांब रूट पाहिजे असेल तर गोसेखुर्द धरणाचा उजवा कालवा आहे, 99 किलोमीटर चालून तो आसोलामेंढा तलावात पडतो. सगळा एका दिवशी करायला जाऊ नका, त्यातला एखादा तुकडा निवडा. कुठल्याही नहरीवर अस्तरीकरणाचं (आतून काँक्रीट लावायचं) काम सुरू असेल तर टिप्पर धावतात आणि धुळीनं काही दिसत नाही, ते गावात आधी विचारून घ्या.

विचारण्याचीपण पद्धत आहे. "काकाजी, हा रस्ता समोर जाते का?" असं विचारलं की उत्तर येते, "जाते नं!" कारण पायी माणूस कुठंही जाते. "समोर बंडी जाते का?" असं विचारा. बंडी जात असेल तर सायकल नक्की जाते. "नाही जी, मोटारसायकल जाते पण नाल्यात उतरून ढकला लागते" असं उत्तर आलं तर तुमचं तुम्ही ठरवा.

मातीचा पोत ओळखायला शिका, हे टायरपेक्षा महत्त्वाचं. बर्डी म्हणजे वरची खडकाळ-मुरमाड जमीन, पावसानंतर दोन दिवसांत चालवण्यालायक होते. सिहार आणि मोरंड, या मधल्या पोताच्या जमिनी, वाळल्या की ठीक. कन्हार, म्हणजे काळी चिकण, ओली असताना तिच्या नादी लागू नका. चार पावलांत चाक आणि फ्रेमच्या मधली जागा भरते, ब्रेक जाम होतात आणि मग काडीनं माती खरवडत बसा. म्हणूनच जुलै ते सप्टेंबर मी तरी या रस्त्यांवर चालवा असं म्हणणार नाही, रोवणीच्या दिवसांत तर बांध्यांमधले रस्ते चिखलच असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदम बेस्ट, तलाव भरलेले, थंडी, बाहेरून आलेले पक्षी. मार्चपासून ऊन चढते, एप्रिल-मे मध्ये नऊ वाजताच घरी परतलेलं बरं.

सायकल ग्रॅव्हलचीच पाहिजे असं काही नाही. 38 ते 45 मिलीमीटरचा टायर बसला म्हणजे झालं. गावातल्या दूधवाल्याची काळी सायकल बघा, तिचा टायर 28 बाय दीड इंची, म्हणजे जवळपास 40 मिलीमीटर, लोक पिढ्यानपिढ्या ग्रॅव्हलच चालवून राहिले, फक्त कोणी नाव दिलं नव्हतं. दांडीचे ब्रेक तेवढे पारीवरून उतरताना भरवशाचे नाहीत. हवा कमी ठेवा, सत्तर किलोच्या माणसाला 40 मिमी टायरमध्ये ट्यूब असेल तर साधारण 40 पीएसआय, ट्यूबलेसला त्याहून पाच-सात कमी. हायवेसारखी ठासून भरली तर गिट्टीवर हात बधिर होतात आणि वळणावर चाक घसरते.

चालवताना चाकोरी निवडायची आणि तीच धरायची, मधल्या गवताच्या पट्ट्यावर उगाच चढू नका, तिथं दगड लपलेले असतात. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. सरासरी तासाला बारा-पंधरा किलोमीटर धरून वेळ काढा, डांबरीचा हिशोब इथं चालत नाही.

पंक्चर होणारच. बाभूळ, बोर आणि सराटा, तिघांपैकी कोणीतरी भेटतेच. बाभळीचा काटा वाईट, कारण बाहेरून तुटून जाते आणि टोक टायरच्या आतल्या बाजूला तसंच राहते. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर परत पंक्चर. म्हणून टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट फिरवू नका, काटा असेल तिथं फडक्याचा धागा अडकते. मग टायर त्या जागी वाकवून टोक पकडीनं ओढून काढा. आणि व्हॉल्व्ह प्रेस्टाचा (बारीक, लांब तोंडाचा) असेल तर पितळी ॲडाप्टर पाकिटात ठेवा, दहा-वीस रुपयांची गोष्ट, पण गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तुमचा बारीक व्हॉल्व्ह बसत नाही.

आता जनावरांचं. हा वाघांचा मुलूख आहे, यात गंमत नाही. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, घोडाझरी 2018 मध्ये अभयारण्य झालं, त्यामुळे नकाशावर रस्ता दिसला म्हणून अभयारण्यात सायकल घालायची नाही, परवानगी लागते. वनखात्याच्या नाक्यावर नाकेदाराला विचारा, तो म्हणाला तिकडं जाऊ नका तर वाद घालू नका, त्याला काल काय दिसलं ते आपल्याला माहीत नसते. अभयारण्याच्या बाहेरही पूर्ण उजाडल्यावरच निघा आणि सूर्य मावळायच्या आधी डांबरीवर या. एकटं जाऊ नका, कानात इअरफोन नको, वळणावर घंटी वाजवा, आपसात बोलत राहा. झुडपाजवळ पंक्चर काढत वाकून बसू नका, सायकल ढकलत मोकळ्या जागेत आणा आणि एकानं उभं राहून लक्ष ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा पहाटे झाडाखाली अस्वल असू शकते, मे मध्ये तेंदूपत्त्याला माणसं जंगलात असतात, दोन्ही काळात अंधारात निघू नका, पूर्ण उजाडू द्या. समोर काही आलंच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, सायकल मधे धरून हळूहळू मागं सरकायचं.

लोकांना वाघाचंच भ्या वाटते, पण मला जास्त काळजी दोन गोष्टींची वाटते. एक आग्यामोहोळ, पारीवरच्या मोठ्या झाडांना लटकलेलं असते, तिथं थांबून फोटो, सिगरेट, डिओ काही नको. दुसरं म्हणजे शेताच्या कडेची तार. डुकरांसाठी काही जण सोलरची झटका मशीन लावतात, ती झटका देऊन सोडते, पण काही महाभाग रात्री लाईनमधून चोरून थेट करंट सोडतात आणि त्यानं जनावरं मरतात तशी माणसंपण मरतात. अंधार पडल्यावर शॉर्टकट म्हणून शेतात शिरायचं नाही, म्हणजे नाहीच.

पाणी माणशी तीन लिटर ठेवा, गावात बोरिंग असते तिथं परत भरा. खायचं गावाच्या चौकात, सकाळी आलूबोंडा नाहीतर पोहा-तर्री मिळतेच. इटियाडोहकडं गेलात तर गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वस्ती आहे, 1970 च्या दशकापासूनची, धानाच्या बांध्यांतून सायकल हाकत आलो आणि समोर फडफडणाऱ्या रंगीत पताका, तिथं थोडं थांबून या. नेटवर्क सगळीकडं मिळत नाही, नकाशा ऑफलाईन डाऊनलोड करा आणि घरी कुणाला तरी रूट सांगून जा.

पोहोचायला गोंदिया-बल्लारशा लाईनची पॅसेंजर बघा, इटियाडोहसाठी अर्जुनी, घोडाझरीसाठी नागभीड. सायकल न्यायचं कसं ते स्टेशनवर पार्सलवाल्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्यानं पुसूनच तेल द्या, मुरमाच्या धुळीवर तेल ओतलं की तिचा पॉलिश पेपर होते आणि चेन खाते. पायाचे घोटे, गुडघ्यामागची जागा आणि मोज्याची कड नीट बघा, गवतातून गोचीड चिकटून आलेली असते, चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढा, वर रॉकेल-बिकेल लावत बसू नका.