व्होल्टेज उतरवा, पण सिनेबेंचवर विसंबू नका

नवतपा लागला की नागपुरात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो आणि दर वर्षी तोच सल्ला कानावर येतो: ‘प्रोसेसरचं व्होल्टेज कमी कर, मशीन थंड पडेल.’ सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर आहे, त्यावरूनच सांगतो. इंटेलवाल्यांनी आधी आपला प्रोसेसर तपासावा. बाराव्या पिढीपासून नावात ‘के’ नसलेल्या बहुतेकांत व्होल्टेज उतरवायची सोय बंदच असते.

धूळ झाडली आहे, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली नाही, हे मी धरून चालतो. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल तर त्याचं तोंड फिरवा, ती हवा दमट असते.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडायच्या सेटिंगमध्ये) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ, ॲडव्हान्स्डवर न्या, व्होल्टेज उतरवणारा कर्व्ह ऑप्टिमायझर उघडा, ऑल कोअर्स, निगेटिव्ह, १०. सेव्ह करा. या आकड्यातली एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. वीकोअरच्या (प्रोसेसरच्या व्होल्टेजच्या) रकान्यात १.२ सारखा पक्का आकडा टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. मशीन नुसतं बसलेलं असतानाही तेवढंच व्होल्टेज वाहत राहतं आणि बूस्ट, म्हणजे गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग, तोही जातो.

आता खरी मेख. मी पहिल्याच दिवशी हावरटपणे सगळ्या कोअर्सना उणे ३० दिलं. सिनेबेंच, म्हणजे सगळ्या कोअर्सना एकदम राबवणारी चाचणी, अर्धा तास चालवलं, काही झालं नाही. खूश होऊन झोपलो. दोन दिवसांनी गाणं लावून जेवायला बसलो, तर स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप रिस्टार्ट. मग हे रोजचंच. गेम खेळताना कधीच नाही, नेमकं मशीनला काही काम नसताना. आधी लाइटीला शिव्या घातल्या. सीताबर्डीवरच्या एका दुकानात एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायला सांगितलं, तोही बदलला. पैसे गेले, रिस्टार्ट तसाच.

उत्तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) पडलं होतं: व्हिया-लॉगर (WHEA-Logger), इव्हेंट १८. त्यात एपीआयसी आयडी, म्हणजे चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक, दिलेला असतो. माझ्या प्रोसेसरवर एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणून त्या आकड्याला २ ने भागलं की कोअर सापडतो. आयडी ४ किंवा ५ म्हणजे कोअर २, मोजणी शून्यापासून.

असं का होतं? सहाही कोअर कामाला जुंपले की वॉटची मर्यादा आड येते, वेग खाली राहतो, तिथे व्होल्टेजला ऐसपैस जागा असते. एकटा कोअर क्षणभर ४.६ गिगाहर्ट्झकडे उसळतो तेव्हा मात्र ती जागा उरत नाही, आणि हलक्या कामात कोअर दिवसभर असेच उसळत-निजत असतात. म्हणून सिनेबेंच पास झालं याला मी काडीची किंमत देत नाही.

कोअर-सायकलर (CoreCycler) हे चाचणीचं सॉफ्टवेअर वापरा. ते एकेका कोअरला वेगळं पिळतं. रात्रभर चालू ठेवा, सकाळी कुठला कोअर पडला ते पाहा, पर कोअर निवडून फक्त त्याचा आकडा ५ ने शून्याकडे आणा (उणे ३० चा उणे २५), पुन्हा रात्रभर. एएमडीचं रायझन मास्टर सॉफ्टवेअर ज्या कोअरला चांगला म्हणून खूण करतं, तो बहुधा सगळ्यात आधी रुसतो. त्याला बूस्टही जास्त मिळतो ना. माझे चार कोअर उणे २५ वर टिकले, खूणवाले दोन उणे १० वर अडले. त्यानंतर चार दिवस मशीन नेहमीसारखं वापरा, मगच झालं म्हणा.

एवढं करूनही तापमान फारसं उतरलेलं दिसणार नाही, आणि इथेच लोक चिडतात. वाचलेली वीज प्रोसेसर वेग वाढवण्यात खर्च करतो. ५६००एक्सची पीपीटी, म्हणजे वीज ओढायची मर्यादा, मुळात ७६ वॉटची. ती तशीच ठेवली तर उष्णताही जवळपास तेवढीच. थंडावा हवा असेल तर पीबीओ लिमिट्स मॅन्युअल करून पीपीटी ६० वर आणा. काही बोर्डांत हा आकडा मिलिवॉटमध्ये मागतात, तिथे ६०००० टाका. व्होल्टेज आधीच उतरवलेलं असल्यामुळे वेगातली घट जाणवत नाही.

मशीन सुरूच झालं नाही तर प्लग काढा, बोर्डावरचा बटण-सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. बायोस अपडेट केल्यावरही हे आकडे बहुतेक वेळा पुसले जातात. मी ते कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवलेत.