पोरांना घेऊन गोठा बघायला जायचंय? असं जा

पुण्यातच राहून गाई-म्हशी जवळून बघायच्या तर लांब कुठं रिसॉर्टला जायची गरज नाही, धायरी, मांजरी, लोहगाव अशा वाढलेल्या गावांमध्ये गोठे आहेत. फक्त अचानक जाऊन उभं राहू नका. आधी मालकांना विचारा, "काका, पोरांना घेऊन आलो तर चालेल का, कधी येऊ?" तो माणूस पहाटेपासून राबत असतो, त्याच्या सोयीची वेळ घ्या.

वेळ कुठली चांगली? सगळ्यांना धार बघायची असते, पण पहिल्यांदा जाताना सकाळी दहा-अकराला जा, तेव्हा वैरण-पाणी झालेलं असतं, जनावरं निवांत बसून रवंथ करत असतात. धार बघायचीच असेल तर लांब उभं राहून, गप्प, मोबाईलचा फ्लॅश बंद करून. वासराला आधी आचळाला लावतात मग गाय पान्हा सोडते, आणि त्यात कोणी आरडाओरडा केला की ती बिचकते, पान्हा आटतो आणि दूध कमी देते.

आता भेटायचं कसं. गाईला दोन्ही बाजूंचं खूप दिसतं पण बरोबर मागचं दिसत नाही, म्हणून मागून कधीच जायचं नाही, खांद्याच्या बाजूने हळूहळू, बोलत बोलत जायचं. हात पुढे करून थांबा, तिला वास घेऊ दे. मान लांब करून ती हात चाटेल, जीभ पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते, पोरं दचकतात आणि मग हसत सुटतात! मग गळ्याखालच्या पोळीला, म्हणजे लोंबत्या कातडीला, खाजवा, ते बहुतेक गाईंना फार आवडतं. वासराचं कपाळ मात्र दाबू-चोळू नका, त्याला ढुशी मारायची सवय लागते. नुकती व्यालेली गाय असेल तर तिच्या आणि वासराच्या मध्ये अजिबात जाऊ नका. पंढरपुरी म्हैस असेल तर तिची तलवारीसारखी लांब शिंगं जरा अंतरावरूनच बघा.

शेळ्या जास्त धीट, ओढणी, कागद, काहीही ओढतात. पोरांना त्यांचे डोळे दाखवा, बाहुली आडवी असते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल तर हात घालू नका, टोचते, आणि तिला २१ दिवस शांत बसायचंय.

खायला घालायचं तर मालक देतील तेच, मूठभर हिरवा चारा, हात सपाट ठेवून. घरून पोळ्या, भात, ब्रेड नेऊ नका प्लीज. वसुबारसेला लोक प्रेमानं पुरणपोळ्या, गूळ ढीगभर चारतात, पण असलं पिठूळ-गोड जास्त झालं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतो, जनावर आजारी पडतं. प्लास्टिकची पिशवी तर तिथं पडूच देऊ नका.

बाहेर आल्यावर साबण-पाण्यानं हात धुवा, शेणामातीच्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि धुवेपर्यंत पोरांना काही खायला देऊ नका. बरोबर कोणी गरोदर असेल तर तिनं नुकत्याच व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांपासून लांबच राहावं. आजी-आजोबा धारोष्ण दुधाचा आग्रह करतील, तरी दूध तापवूनच प्यायचं, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. त्याच दिवशी दुसऱ्या गोठ्यावर जाणार असाल तर चपला आधी धुऊन घ्या, लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग आपल्या पायांनी एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतो.